घरीच तर शिवता

‘घरीच तर शिवता, मग एवढे कसे?’

हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की चेहरे पुसले गेलेत, सूर तेवढा राहिलाय. त्या सुरात भांडण नसतं, उलट आपुलकीच असते. वहिनी, तुम्हाला दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही, बाहेर पाटी नाही. मग बाजारातला भाव कशाला लावता? आई सोलापूरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत शिवणकाम करायची, अजूनही करते. हे ऐकलं की ती दहा-वीस रुपये सोडून द्यायची. भिडेपोटी नव्हे, तिलाही तो हिशेब पटलेला असायचा.

दुकानाचं भाडं नव्हतं, कबूल. पण खोली तर होती ना! लग्नसराईत तिथं कुणाला अंग टाकता येत नसे. पलंगावर कापडांच्या पिशव्या, प्रत्येकीत मापाचा जुना ब्लाउज आणि वहीच्या कागदावर नाव. बाबा जेवायला बसले की हमखास कुणीतरी ट्रायलला येई. बाबा काही न बोलता ताट उचलून आत जात. अनवाणी चालताना टाचणी रुतणं ही तर आमच्याकडं तक्रारीची बाबच नव्हती. दहावीचा अभ्यास मी मशीनच्या आवाजात केला, आणि आवाज थांबला की माझं लक्ष उडायचं. या सगळ्याचे पैसे ब्लाउजच्या शिलाईत कुठं बसतात, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. घर कमवायला लागलं की त्याची किंमत शून्य धरायची, हे गिऱ्हाईकही पाळतं, मालकही पाळतो आणि त्या घरात राबणारी बाई तर सगळ्यांच्या आधी पाळते.

सोलापुरात वाढलं की हे कळायला पुस्तक लागत नाही. आमच्यापासून थोडं पुढं पूर्व भाग सुरू होतो. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. घरात खाली माग आणि वर माणसं, अशी कितीतरी घरं. पुरुष मागावर आणि बायका बिड्यांना, ही तिथली जुनी वाटणी. माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी तिची आई, जिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो, उंबऱ्याशी उजेडाला मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची. सुपात एका बाजूला जर्दा, एका बाजूला कापलेली पानं. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं त्या मापाचा चौकोन कापायचा, जाड शीर खरवडायची. मग चिमटीभर जर्दा, बोटांची एक वळकटी, टोकाला दोऱ्याचे दोन वेढे, आणि तोंड आत दुमडायचं. हे लिहायला जेवढा वेळ लागला त्यात अक्काच्या चार-पाच बिड्या झाल्या असत्या, आणि तिची नजर त्या वेळी चुलीवरच्या भाताकडं असती. पंचवीस बिड्यांची जुडी बांधून ती बाजूला ढकलायची, तेवढ्यात धाकटा येऊन त्याच सुपाशी लोळायचा. तंबाखूचा खकाणा इतका की नवखा माणूस दारातच शिंकायचा. त्या घरातल्यांना मात्र तो वास येतच नसे.

एकदा मी विचारलं होतं, तिकडं कारखान्यातच बसून का नाही करत. अक्का म्हणाली, ‘कारखान्यात बसली तर नुसती बिडी होते पोरी. घरात बसली तर बिडी बी होते, भात बी होतो.’ या उत्तरात सगळं अर्थशास्त्र आहे, आणि फसगतही त्यातच आहे. कारण भाताचे पैसे मालक देत नाही आणि बिडीचे देताना तो भात धरूनच देतो.

दुपारी अक्का तयार माल घेऊन ब्रँचला जायची. कारखान्याच्या गल्लोगल्ली असलेल्या शाखांना सोलापुरात ब्रँचच म्हणतात. तिथं माल तपासणारा बसलेला. जुडी हातात घेऊन वाकवून, दाबून बघणार, आणि जी नापसंत ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. नव्या मालासाठी पानं तोलून मिळणार, ती फाटकी-किडकी निघाली तर हजार बिड्या भरायला कमी पडणार, मग कमी पडलेली पानं पदरच्या पैशानं बाजारातून. म्हणजे जागा हिची, दिवा हिचा, पाणी हिचं, कात्री हिची आणि कच्चा मालही थोडाफार हिचाच. एखाद्या कारखानदाराला याहून बरा कारखाना कोण बांधून देणार?

कायद्याला हे दिसलं नव्हतं असं नाही. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात घरी बसून बिडी वळणारी बाईही कामगार धरली गेली. मालकांनी त्याला आव्हान दिलं, आमच्या आवारात नाही ती आमची कामगार कशी, असा एकूण रोख. पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. पुढं प्रॉव्हिडंट फंड वगैरे आलं, त्यामागं संघटनांची भांडणं आहेत. अक्काच्या घरी देवाच्या फोटोमागं एका प्लास्टिकच्या पिशवीत तिचं कामाचं पुस्तक असायचं. मुलांचे जन्मदाखले आणि ते पुस्तक, एवढेच कागद त्या पिशवीत. माझ्या आईकडं मात्र असं काहीच नव्हतं, कारण तिला मालक नव्हता. आईला याचा कोण अभिमान! ‘मी कुणाच्या हाताखाली नाही.’ खरंच होतं ते. पण म्हातारपणी अक्काला तुटपुंजी का होईना पेन्शन लागली, आईला ती नाही.

सोलापूरचीच आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीजवळ बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलं, २००६ साली घरं ताब्यात मिळाली. सोलापूरचे कामगार नेते आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या लढ्याचं ते फळ. त्यानंतर तिथंच रे नगर, असंघटित कामगारांची तीस हजार घरं. त्यातल्या पंधरा हजारांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. घरकुल योजना म्हणून याच्या बातम्या आल्या, आणि ते बरोबरच आहे. पण घरी बिडी वळणाऱ्या बाईला घर मिळतं तेव्हा नेमकं काय मिळतं? तिला छप्पर मिळतं, आणि त्याच छपराखाली बिडी कारखान्याची एक शेडही उभी राहते. त्या शेडला सरकारी अनुदान लागलं, बाईनं काढलेलं कर्ज लागलं, तिची बचत लागली. ज्याच्या धंद्याची ती शेड, त्याचा रुपया लागल्याचं काही मला कुठं दिसलं नाही. लढणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. डोक्यावर पत्रा गळत असताना हा बारकावा काढत बसायचं कुणाला सुचणार! मी पोटभर जेवून पुण्यात बसून लिहितेय म्हणून सुचतंय.

तसं पाहिलं तर घरात धंदा ही काही नवी कल्पना नाही. नवी आहे ती घर आणि धंदा वेगळे ठेवायची. सोनार, शिंपी, कासार, कुंभार यांची घरं म्हणजेच त्यांची दुकानं होती. पुण्याच्या तांबट आळीत अजूनही घराघरातून ठोके ऐकू येतात. येवल्यात पैठणीचा माग पुढच्या खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणणारा बसलेला आणि मागच्या खोलीत कांड्या भरणारी त्याची बायको. विकताना मात्र पैठणी ‘त्याची’. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. भोंगा वाजला की घरातून निघायचं आणि भोंगा वाजला की परत, ही शिस्त तेव्हापासूनची.

गंमत अशी की त्या भोंग्यालाही घरातल्याच धंद्यानं पोसलं. कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायकापोरं गावी ठेवून गिरणगावात गाळ्यात राहायचा, पाळीपाळीनं झोपायचा. त्याला दोन वेळा जेवायला घालायचं कुणी? खानावळवालीनं. चाळीतली एक खोली. पहाटे भाकऱ्यांचा ढीग, पहिल्या पाळीवाल्यांची पंगत, मग डबे, मग दुपारची पंगत. तेवढा वेळ नवरा-पोरं गॅलरीत. रात्री भांडी भिंतीला लावून त्याच फरशीवर अंथरूण. पैसे महिन्याला, गिरणीचा पगार झाला की. म्हणजे महिनाभर किराणा उधारीवर, आणि उधारी भागवायला सावकार. दागिने गहाण, व्याज अवाच्या सवा. हिशेबानं पाहिलं तर गिरणीमालकाचा कामगार महिनाभर या बाईच्या भांडवलावर जेवत होता.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेली, मग मुंबईत कामगार चळवळीत आलेली ही बाई. तिनं बँकांच्या दारात जाऊन सांगितलं की या खानावळवाल्यांना कर्ज द्या. तारण काय, तर त्यांनी एकमेकींना जामीन राहायचं. बचत गट हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मला तिच्यातलं सगळ्यात मोठं काम कर्ज मिळवून देणं हे वाटत नाही. बँकेच्या फॉर्मवर व्यवसाय या रकान्यात ‘खानावळ’ असं लिहिलं गेलं असेल, ते मोठं. तोवर ती बाई घरी चार माणसांचं जास्त रांधत होती, एवढंच. पुढं जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, गडी गावाकडं गेले, आणि खानावळवाल्यांच्या वहीतली उधारी वहीतच राहिली. संपाच्या इतिहासात गिरण्यांचं आणि कामगारांचं किती नुकसान झालं याची चर्चा पुष्कळ होते. त्या वह्यांची बेरीज कुणी केली नसावी.

आणि लिज्जत. ती गोष्ट इतकी सांगितली जाते की सांगायचा कंटाळा येतो, पण एक तपशील मी सोडणार नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या, भांडवल ८० रुपये उसने. पहिल्याच वर्षी पावसाळ्यानं चार महिने काम बंद पाडलं, कारण पापड वाळणार कुठं? पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. भर पावसात काम चालू. पुढं पीठ केंद्रावर तयार व्हायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणायचं आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची, अशी पद्धत बसली. वरवर पाहता हे अक्काच्या बिडीसारखंच. माल तिकडून, मेहनत इकडं, मोबदला नगावर. फरक एवढाच की वर मालक नाही. लाटणारी प्रत्येक बाई सभासद, नफ्यात वाटेकरी. आणखी एक फरक, जो मला जास्त बोलका वाटतो. पापड लाटायला घरी स्वच्छ, पुरेशी जागा आहे का हे तिथं आधी पाहतात, आणि नसेल तर तिला केंद्रावरचं काम देतात. म्हणजे घरातली जागा हीही धंद्यात लागणारी वस्तू आहे, हे तिथं कुणाच्या तरी ध्यानात आलेलं होतं.

मी स्वतः घरूनच काम करते. मजकूर तपासणं, भाषांतर, कधी एखाद्या संस्थेचा अहवाल. पुण्यात दोन खोल्यांचं घर, त्यातलं एक टेबल माझं. २०२० च्या टाळेबंदीत जेव्हा ऑफिसवाले सगळे घरी बसले तेव्हा आमच्या इमारतीत एकदम या विषयावर चर्चासत्रं सुरू झाली. खुर्ची कशी हवी, मुलं मध्ये येतात, बायको मिक्सर लावते. मला हसू येत होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू कितीतरी वर्षं पोळीभाजीचे डबे देत होत्या, त्यांच्या पाठीबद्दल कुणी चर्चा केली नव्हती. पण दोन-तीन महिन्यांनी एका शेजाऱ्यानं सांगितलं की त्यांच्या कंपनीनं ऑफिसचा एक अख्खा मजला सोडला, भाडं वाचलं. मी विचारलं, मग तुम्हाला काय दिलं? तो म्हणाला, हेडफोन. त्या दिवशी तो आणि अक्का मला एकाच ओळीत बसलेले दिसले. पगारातलं अंतर सोडा.

इथं एका खात्याचं कौतुक करायला हवं, जे मी आयुष्यात क्वचितच करते. आपल्याकडं विजेच्या दरांत अशी तरतूद आली की घराच्या एखाद्या भागात कुणी धंदा करत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत, वर्षाला ३६०० च्या आत असेल, तर बिल घरगुती दरानंच आकारायचं. त्याआधी मीटर तपासायला माणूस आला की आई मशीनवर चादर टाकायची. पिको-फॉलची मोटर दिसली तर व्यापारी दर लावतील ही धास्ती. घर आहे की दुकान, हा प्रश्न आमच्याकडं खऱ्या अर्थानं त्या मीटरवाल्यालाच पडला होता, आणि त्याचं उत्तर शेवटी आकड्यात मिळालं. दर कुठला लावायचा हे वीजवाल्यांना ठरवता येतं, मग भाव ठरवणाऱ्यांना घर का मोजता येऊ नये?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली घरी काम करणाऱ्यांबद्दलचा करार संमत केला, क्रमांक १७७. त्यांना बाकीच्या मजुरांच्या बरोबरीनं वागवा, असा त्याचा गाभा. त्यामागं अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेचा मोठा रेटा होता, म्हणजे आपल्या शेजारच्याच बायकांचा. भारतानं त्यावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी घरच्या कामाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. आईनं बाहेर नोकरी धरली असती तर आजीनं तिला सुखानं जगू दिलं नसतं. घरातल्या मशीनला मात्र आजीचा विरोध नव्हता. उलट ती बटणं लावून द्यायची आणि आलेल्या बायकांशी तासन्‌तास बोलायची. आईचे पैसे डाळीच्या डब्यात असत आणि तो डबा बाबांनी कधी उघडला नाही. माझ्या कॉलेजची फी, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन्ही त्या डब्यातून. अक्काच्या घरी नवऱ्याचे पैसे शनिवारी गुत्त्यावर जात, चूल बिडीवर पेटत असे. तेव्हा ‘घराबाहेर पडा, मुक्त व्हा’ असं सांगणाऱ्यांचं मला कौतुक नाही. बाहेर पडून आठ तासांची नोकरी आणि परत येऊन तोच भात, हेही मी मैत्रिणींकडं पाहिलंय. घरी राहून काम करणाऱ्या बाईनं घर फुकट का द्यायचं, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या दिवाळीत सोलापूरला गेले तेव्हा आईसमोर वही घेऊन बसले. म्हटलं, एका ब्लाउजचा खरा खर्च काढू. तिला मजा वाटली. दोरा, अस्तर, हुक, मशीनचं तेल, वीज, सगळं तिनं पटापट सांगितलं. अस्तर कुठल्या दुकानात मीटरमागं दोन रुपयांनी स्वस्त हेही. तिचे तास धरले तेव्हा ती जरा थबकली. ‘एवढा वेळ लागत नाही गं,’ म्हणाली. मी घड्याळ लावून बघितलं होतं, लागतो. मग मी लिहिलं, खोलीचं भाडं. आमच्या गल्लीत एका खोलीला सध्या जे भाडं पडतं, त्याचा निम्मा भाग.

तिनं चष्मा वर केला. ‘हे काय? घर आपलंय.’

‘आपलंय म्हणूनच. भाड्यानं दिलं असतंस तर आलेच असते ना एवढे?’

‘भाड्यानं दिलं असतं तर मी शिवलं कुठं असतं?’

यावर मला पटकन काही सुचलं नाही. बाबा पेपरमागून म्हणाले, ‘मला विचारा, मी तीस वर्षं ताट घेऊन उठतोय. त्याचेही लावा.’ बाबांनी या विषयावर तोंड उघडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईनं त्यांच्याकडं बघितलं, काही बोलली नाही, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन भाड्याची ओळ खोडली. मग तिच्या शेजारी दुसरं लिहिलं: जेवणाच्या वेळी गिऱ्हाईक नाही, दुपारी एक ते तीन, रात्री आठनंतर. शिलाई पन्नास रुपयांनी वाढवली ती निराळीच, दोरा महागला हे कारण सांगून. भाड्याचं कारण सांगितलं तर बायका हसतील म्हणे.

दोन गिऱ्हाइकं तुटली. एक परत आली, बाजारातल्या टेलरनं गळा बिघडवला म्हणून. आल्या आल्या तिनं विचारलं, ‘घरीच तर शिवता, एक ते तीन बंद कशाला?’